अप्पांच्या भाजण्यातली खोट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे बसल्यावर मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथेही मी दुसऱ्याच चुका काढून बसायचे, छोट्या छोट्या, पटकन माफ होतील अशा. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठून मेथी निवडत बसले.

गोष्ट कॉफीची आहे. कॉफीच्या दाण्यांची, आणि ते ठेवायच्या एका स्टीलच्या डब्याची. हसू आलं ना? येऊ द्या. मीही कित्येक वर्षं स्वतःला हेच सांगत होते, की बाई, कॉफीच तर होती, कुणाचा गळा तर कापला नाहीस.

आमचं घर नाशिकला, सिडकोत. छोटं रो-हाउस. सासूबाई, सासरे — त्यांना सगळे नाना म्हणत — माझे यजमान, आमची दोन मुलं आणि धाकटा दीर प्रकाश. मी मूळची सिन्नरची. लग्न होऊन आले तेव्हा मला ना इंग्रजी येत होतं ना विणकाम, पण एक गोष्ट मात्र चोख येत होती: साठवण. वर्षाचे गहू एरंडेल चोळून, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरावेत तर मीच. माझ्या डाळीला कधी टोका लागला नाही की माझ्या कुरडयांना बुरशी आली नाही. मे महिन्यात गल्लीतल्या बायका मला विचारायला यायच्या. सासूबाई येवल्याकडच्या, तोंडानं फटकळ, कौतुकाचा शब्द मोजून-मापून काढणाऱ्या. पण त्याही चारचौघींत म्हणायच्या, "मंगलच्या हातचं धान्य दोन वर्सं हालत नाय." त्या एका वाक्यावर मी वर्ष काढायचे. दुसरं काही मिळतच नव्हतं म्हणा.

नव्वदीच्या मध्यावर कधीतरी प्रकाश कंपनीच्या ट्रेनिंगला बंगळूरला गेला आणि लग्न ठरवूनच परत आला. मुलीचं नाव वेदा. गाव हासन. आई लहानपणीच गेलेली, वडील शाळामास्तर होऊन रिटायर झालेले. तिला ते एकटे, आणि त्यांना ती एकटी. घरात आधी थोडी आदळआपट झाली, मग सगळे गप्प बसले, मग लग्न झालं. ती आली आणि पहिल्याच दिवसापासून मला 'अक्का' म्हणायला लागली. मराठी तोडकंमोडकं, पण 'अक्का' असं म्हणायची की हातातलं काम ठेवून बघावं लागायचं.

आणि तिच्यामागून पार्सलं यायला लागली.

महिन्याला एक. पांढऱ्या कापडात शिवलेलं, वर लाखेचं सील, आणि मास्तरी वळणाच्या इंग्रजी अक्षरात पत्ता — वर तिचं नाव. नानांचं नाही, प्रकाशचं नाही, तिचं. आत कॉफीचे भाजलेले दाणे. तिचे अप्पा ते स्वतः भाजत. परसात विटांची चूल, त्यावर हातानं फिरवायचं लोखंडी पिंप. दोन-दोन तास ते त्यापुढे स्टूल टाकून बसत, असं ती सांगायची. त्यांच्या गल्लीत कुणाकडे लग्न निघालं की लोक कच्चे दाणे घेऊन त्यांच्याकडे येत, मास्तर, तुमच्या हातनं भाजून द्या म्हणत. पोस्टमन आला की वेदा आधी ते कापड नाकाला लावायची. तशीच उभी राहायची, दारात, डोळे मिटून.

माझे वडील सिन्नरला. एसटीनं तासाभराची वाट. माझ्या लग्नानंतर बारा वर्षांत ते आमच्याकडे तीनदा आले, आणि तिन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका द्यायला. हे मी कारण म्हणून सांगत नाही. हे आहे ते असं होतं, एवढंच.

वेदानं मला सगळं शिकवलं. तेच तर — तिनंच शिकवलं. मी साठवणीतली, म्हणून तिला वाटलं मला आवड असणार. दाणे स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा जाड फडक्यात गुंडाळून खालच्या कप्प्यात, अंधारात, गॅसपासून लांब. आठवड्यापुरते काढून वेगळ्या छोट्या बरणीत, म्हणजे मोठा डबा सारखा उघडायला नको. फ्रिजमध्ये अजिबात नाही. तिथे दाण्यांना दव धरतं आणि कोथिंबिरीचा वास लागतो. चमचा कोरडा. दळायचं रोजचं रोज, सकाळी, ओट्याला लावलेल्या छोट्या यंत्रावर, फक्त त्या दिवसापुरतं. "अक्का, वारा लागला की दाणा मरतो," असं म्हणायची आणि झाकण दाबून वरून तळहात ठेवायची. ती शाळेत शिकवायला जायची, बारा ते पाच. जाताना सांगून जायची, डब्याकडे बघा हं.

आणि नाना. जन्मभर चहा प्यायलेला माणूस. माझ्या हातचा चहा बारा वर्षं प्यायला, एकदाही बरा झालाय म्हणाला नाही, वाईट झालाय असंही नाही. वेदाची कॉफी चौथ्या दिवशी प्यायला आणि पेपर खाली ठेवून म्हणाला, "घराला असा वास पाहिजे."

मी तिथेच होते. पोळ्या लाटत होते.

पहिल्यांदा दाणे वाया गेले ते माझ्यामुळे नाही, हेही सांगून टाकते. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर तूरडाळ वाळत घातली होती, तेव्हा सासूबाईंनी कॉफीचा डबाही नेला आणि सगळे दाणे जुन्या साडीवर पसरले. आमच्याकडे जे जे म्हणून दाणा असतं त्याला वर्षातून एकदा ऊन दाखवतात, त्यात त्यांचं काय चुकलं? वेदा पाच वाजता आली, बघितलं आणि मट्कन बसली. सासूबाई म्हणाल्या, "आगं, बियाच हायेत ना? पावसाळ्यात टोका पडला असता, म्हनून ऊन दाखवलं." वेदा हसली. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. नळाखाली बादली नव्हती, म्हणून मला कळलं. दुसऱ्या दिवशीची कॉफी कुणालाच पिववेना. जळकट, शिळी, खवट तेलासारखी. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही वस्तू किती सहज मरते.

त्या पावसाळ्यात मी सुरू केलं.

काय सुरू केलं? — बघा, इथवर आले आणि परत मेथीची आठवण झाली. सांगते. दुपारी वेदा शाळेत, मुलं शाळेत, सासूबाई आणि नाना आडवे झालेले. मी खालच्या कप्प्यातून डबा काढायचे, फडकं सोडायचे, झाकण उघडायचे आणि तो गॅसच्या वरच्या फळीवर ठेवायचे. जिथे भाताची वाफ जाते तिथे. साडेचार वाजता झाकण लावून, फडकं तसंच गुंडाळून, गाठ जशी होती तशी मारून परत जागेवर. एक दिवस नाही. रोज. तिनं जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते ते मी नेमानं केलं. डबा काढताना एक प्रकारची शांती वाटायची, हे लिहायला लाज वाटते, पण वाटायची.

मला तिचा हेवा वाटत होता. साधा, काळाकुट्ट हेवा. कॉफीचा नाही, नानांच्या त्या वाक्याचाही पुरता नाही. तिच्यासाठी पाचशे कोसांवर एक म्हातारा दर महिन्याला विस्तवापुढे बसतो, ह्याचा.

पंधरा दिवसांत चव उतरायला लागली. नाना अर्धा कप ठेवायला लागले. वेदानं स्वतःचीच झडती घेतली — डबा बदलला, बरणी बदलली, फडकं धुतलं, यंत्र उघडून दातऱ्या साफ केल्या. माझ्यावर संशय? छे. मला विचारायची, अक्का, मी काय चुकते? मी तिच्याबरोबर डब्याचं बूड तपासायचे, कुठे भोक आहे का म्हणून. शेवटी तिनं अप्पांना लिहिलं.

इथे मी थांबायला हवं होतं. तिच्यावर डूख होता, तिच्यापर्यंत ठेवायचा होता. पण पत्र गेलं आणि सगळं त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसलं. ते पत्रं लिहायचे, ती मला मराठीत वाचून दाखवायची. या वेळी दाणे दुसऱ्या मळ्यातले घेतले आहेत. या वेळी लाकूड बदललं आहे. या वेळी आच कमी ठेवून जास्त वेळ फिरवलं. या वेळी पूर्ण गार व्हायला एक दिवस ठेवून मग भरलं. इथे मला तर बरी लागते गं, पण मी ताजी पितो. मला वाटतं माझं भाजलेलं आता टिकत नाही. हाताला वेग राहिला नाही. — दीड वर्ष चाललं हे. दीड वर्ष त्या माणसानं महिन्यामागून महिना स्वतःत खोट शोधली, आणि मी ती पत्रं ऐकून "अगं बाई" म्हणत होते.

मग ते स्वतःच आले. एप्रिल महिना होता. दोन दिवसांचा प्रवास, सत्तरीचा माणूस, आणि डबा मांडीवर. सामानात ठेवला नाही, धक्का नको म्हणून. बारीक, उंच, पांढरंशुभ्र धोतर. आल्या आल्या हात-पाय धुऊन त्यांनी स्वतः दाणे दळले, स्वतः फिल्टर लावला. पहिला कप नानांना दिला आणि समोर उभे राहिले. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. नाना म्हणाले, क्या बात है! वेदा रडायलाच लागली. त्या दिवशी मीही प्यायले. सांगू? तशी कॉफी मी त्यानंतर कधी प्यायले नाही.

चार दिवस घरात नुसतं हसू होतं. बाप-लेक ओट्याशी उभे राहून कानडीत काहीबाही बोलायचे आणि खिदळायचे. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पाचव्या दिवशी सगळे त्र्यंबकेश्वरला निघाले. मुलं सिन्नरला मामाकडे होती. मी म्हणाले, माझे गुडघे दुखतात.

मला भीती होती, हे खरं. अप्पा असताना कॉफी चांगली राहिली तर कुणाच्या तरी डोक्यात येईल, की मग एरवी काय होतं? पण नुसत्या भीतीनं मी ते केलं नसतं. बस सुटली असेल नसेल तोवर मी गच्चीवर होते. साडी पसरली, डबा उपडा केला, छोटी बरणीही रिकामी केली, दाणे एकसारखे केले. एप्रिलचं ऊन. दुपारी दाणे तेलानं चमकायला लागले. शेजारची पलीकडच्या गच्चीवरून म्हणाली, काय वाळवताय हो मंगलताई? मी म्हणाले, काही नाही, बिया. मध्ये दोनदा जाऊन हात फिरवून आले, सगळीकडून नीट ऊन लागावं म्हणून. कामात कुचराई करायची मला सवय नाही. चारला भरून, डबा ओल्या फडक्यानं पुसून, गार करून जागेवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी फिल्टर लावला. एक घोट घेतला. मग कप खाली ठेवून मुठीत दाणे घेतले, हुंगले, एक दातानं फोडला, परत हुंगला. नानांनी कप संपवला — चांगुलपणानं संपवला, मला दिसत होतं. वेदा म्हणाली, अप्पा, इथलं ऊन फार आहे, हवा वेगळी आहे. त्यांनी मान हलवली. आणि मग ते माझ्याकडे वळले.

वेदानं त्यांना माझ्या कोठीबद्दल, गव्हाबद्दल, गल्लीतल्या बायकांबद्दल सगळं कौतुकानं सांगितलेलं होतं. त्यांना तोडकं हिंदी यायचं. ते स्वयंपाकघरात माझ्यासमोर स्टुलावर बसले, मास्तर असूनही विद्यार्थ्यासारखे, आणि म्हणाले, "अम्मा, आप को मालूम. बाकी सब मेरा मन रखता है. आप सच बोलो. रखने में गलती है, कि मेरा भूनने में?"

विचार करा. त्या माणसानं घरातल्या नेमक्या त्याच बाईला विचारलं. आणि माझ्या हातात होतं. खरं सांगायचंही नव्हतं — नुसतं म्हणाले असते, साठवणीतच काहीतरी चुकतंय, आमच्या घरात उकाडा फार आहे, मी लक्ष देते — तरी भागलं असतं. माझं बिंग फुटलं नसतं. म्हातारा सुटला असता. हे मला त्याच क्षणी कळत होतं, नंतर नाही.

मी डबा उघडला, आत बघितलं, झाकण लावून बघितलं, जाणकारासारखा वेळ घेतला. आणि म्हणाले, "रखने में तो कुछ गलती नहीं, अप्पाजी."

ते थोडा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग हात जोडले. मला. आणि उठून सगळ्यांचे कप स्वतः विसळून ठेवले.

हासनला गेल्यावर त्यांनी ते पिंप कुणाला तरी देऊन टाकलं. चूल मोडली. पार्सल त्यानंतर आलं नाही. गल्लीतले लोक लग्नाचे दाणे घेऊन यायचे त्यांनाही परत पाठवायला लागले, माझ्या हातचं टिकत नाही म्हणून. वेदा मेन रोडवरच्या दुकानातून पुडीतली पावडर आणायला लागली, मग तीही बंद झाली. दळायचं यंत्र माळ्यावर गेलं. नाना चहावर परतले, आणि एक दिवस, खोटं नाही सांगत, मला म्हणाले, "आज चहा बरा झालाय." मी त्या रात्री जेवले नाही. पण सांगितलंही नाही.

सांगायला मला सहा वर्षं मिळाली. घरात फोन होता, हासनचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता. वेदा जाऊन आली की सांगायची, अप्पा सकाळी परसात नुसते बसून असतात, हातांना काय काम द्यावं कळत नाही त्यांना. मी ऐकायचे. कधी म्हणायचे, वय झालं आता. हो, हे शब्द माझे.

मग ते गेले. दोन हजारनंतरची गोष्ट, पाऊस नुकताच संपला होता. वेदा पंधरा दिवसांनी परत आली, हातात त्यांचा चष्मा आणि पत्रांचा गठ्ठा. माझ्याजवळ बसली. म्हणाली, "अक्का, शेवटी शेवटी अप्पा तुमचं नाव काढायचे. म्हणायचे, तुम्ही सगळ्यांनी माझी समजूत घातलीत, तुझी अक्का एकटी खरं बोलली. तिचे उपकार आहेत, नाहीतर मी लोकांचे दाणे नासवत बसलो असतो."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिला थोपटलं. तिच्या तोंडून ते आभार घेतले, ठेवून घेतले, आणि अजून माझ्याकडेच आहेत. वेदा दोन गल्ल्या सोडून राहते. सणावाराला येते. तिच्या मुलीला आजोबांबद्दल सांगताना ती म्हणते, हात उत्तम होता गं त्यांचा, पण म्हातारपणी गेला. आणि खात्रीसाठी माझ्याकडे बघते. मी मान डोलावते.

गेला नव्हता. शेवटच्या पार्सलापर्यंत त्या माणसाच्या भाजण्यात तिळाएवढी खोट नव्हती.